बिनपाण्याचा लाडू

"माह्या पोटानं कोक ओव्हनचा कोळसा पचवला बे. तुह्या या रानतुळशीचं काय घेऊन बसला?"

रामाजी कापगते अंगणात कमरेवर हात ठेवून असं बोलला, तेव्हा स्मृती नगरातली ती अख्खी गल्ली ऐकत होती. रामाजीला हळू बोलता येतच नसे. रायपूरजवळच्या पोलादाच्या प्लांटात, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर जन्म काढलेला माणूस. तिथं हळू बोललेलं कुणाच्या कानात शिरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हाच रामाजी त्याच अंगणात दोन्ही हातांनी पोट धरून चकरा मारत होता. कण्हत होता, आणि तेसुद्धा हळू. गल्ली घाबरली ती त्यामुळंच.

झालं ते असं. दिवाळीनंतर रामाजीच्या पोराचं, भूपेंद्रचं, प्लांटातल्या ठेकेदाराकडचं काम सुटलं. गेटपास गेला, बूट खुंटीला लागले. महिनाभर तो खाटेवर मोबाईल पाहत पडला आणि मग कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आला. आला तो वेगळीच भाषा घेऊन. रानातल्या झाडापासून खाण्याचा फायबर काढायचा. औषध नाही, ॲसिड नाही, वीज नाही. ऊन, पाणी आणि आपले हात. शहरातले लोक बसून बसून जाम झाले, त्यांच्या पोटाला फायबर पाहिजे.

"म्हंजे लोकायले परसाकडं लावाचा धंदा," बेबीताई म्हणाली. ती भूपेंद्रची माय.

"आई, फंक्शनल फूड म्हंतेत त्याले."

"मी तेच म्हनून राहिली."

रेल्वेच्या साइडिंगकडेच्या पडीक जागेत रानतुळस माजली होती. पुरुषभर उंच, थंडीनं वाळून काळपट झालेली. हात लावला की उग्र वास, आणि बोंडांचे बारीक काटे असे की लुगड्यातून मांडीला डसत. तिचं बी इवलंसं, काळं. पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती बुळबुळीत गर फुगतो, बेडकाच्या अंड्यासारखा. तो गर म्हणजेच फायबर.

घरातली चारही माणसं सकाळी विळे घेऊन निघायची. भूपेंद्रचा नियम होता, एक झाड कापायचं, एक सोडायचं. पुढच्या साली रान परत आलं पाहिजे.

"एक आड एक, बाबा! एक आड एक!"

"दिसते मले. मोतिबिंदू काढला हाय माहा."

"मंग ह्या पूर्ण लायनीत एकबी कावून नाही उरलं?"

रामाजी मागं वळून पाहायचा. मागं टक्कल पडलेली जमीन असायची. "मधातली तुह्या मायनं कापली," तो म्हणायचा.

मग भारे डोक्यावर घेऊन घरी. ताडपत्रीवर काठ्यांनी झोडपायचं, बेबीताईनं सुपानं पाखडायचं, सुनेनं, उन्नतीनं, बी घमेल्यात भिजत घालायचं. फुगलेलं बी जुन्या धोतरावर घासून घासून गर वेगळा करायचा. तो थाळ्यांवर पसरून उन्हात. वाळला की पापडासारखा तडकायचा, उलथण्यानं खरवडायचा, मिक्सरमधून काढायचा. दिवसभर चार माणसं राबली की मूठभर भुकटी पडायची. भिजवल्याचं पाणीही फेकायचं नाही, दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला त्या पाण्याची तार निघायची. उन्नतीच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, आणि बेबीताईच्या कमरेत वाकल्यावर जी कळ निघे ती सरळ झाल्यावरही जात नसे. पण डबा भरत आला होता. रायपूरचा एक माणूस नमुना पाहायला येणार होता आणि त्याला आवडलं तर भूपेंद्रला पुन्हा कुण्या ठेकेदाराच्या दारात उभं राहावं लागणार नव्हतं.

भूपेंद्रनं बापाला सांगून ठेवलं होतं. एक चमचा, मोठ्या गिलासभर पाण्यात ढवळून, लगेच प्यायचा. वरून आणखी एक गिलास.

रामाजीनं एकदा पिऊन पाहिला आणि तुळशीवृंदावनापाशी जाऊन थुंकला. "शेंबडासारखं लागते बे."

त्यावर भूपेंद्र म्हणाला की हे सगळ्यांच्या पोटाला झेपत नसतं. आणि तेव्हाच रामाजीनं ते कोळशाचं वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

तेवढ्यावर थांबला असता तर काही नव्हतं. पण प्लांटातली एक सवय त्याच्या हाडात मुरलेली. भट्टीवरून उतरलं की गँगमधल्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. गूळ घशातली धूळ घेऊन खाली जातो. पण गुळावर पाणी नाही! गरम अंगानं गुळावर पाणी प्यालं की छाती धरते, असं जुन्या लोकांनी सांगितलेलं. घाम सुकेपर्यंत कोरडंच बसायचं. रिटायर होऊन घरी आला तरी रामाजी गूळ खाल्ल्यावर दुपारपर्यंत तांब्याकडे पाहत नसे.

त्या दिवशी त्यानं काठीनं तुळस झोडपली, अंगभर घाम आला, घरात कुणी नव्हतं. त्यानं डबा उघडला. गूळ किसला. भुकटी आणि गूळ मिक्सरमध्ये फिरवून, तुपाचं बोट लावून लाडू वळले. बुळबुळ नाही की काही नाही. बरे लागले म्हणून आणखी खाल्ले. मग उन्हात भिंतीला टेकून बसला आणि घाम सुकण्याची वाट पाहत झोपला.

संध्याकाळी त्यानं जेवण नको म्हटलं. सकाळी संडासात गेला तो बराच वेळ आला नाही. बाहेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा.

"का जी, का झालं?"

"काही नाही झालं."

"तेच त विचारून राहिली, काही नाही झालं का?"

रामाजी अंगणात चकरा मारू लागला.

दुपारपर्यंत पोट वर आलं. बनियन ताणलं गेलं. बेबीताईनं हात लावून पाहिला आणि पटकन काढून घेतला. पोट दगडासारखं होतं. तिच्या भावाचं असंच झालं होतं, तिकडं साकोलीकडं, गावी. आतड्याला पीळ पडला. बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. हे तिनं बोलून दाखवलं नाही. ती आत जाऊन एरंडीचं तेल घेऊन आली आणि वाटी त्याच्या तोंडाला लावली.

"हार्ट तर नाही ना?" भूपेंद्र म्हणाला. "गॅस छातीत चढला की तसंच दुखते."

"मामाजी," उन्नती स्वयंपाकघराच्या दारातून सासऱ्याला म्हणाली. तिच्या हातात मिक्सरचं भांडं होतं. "इसमें गुड़ चिपका है. और डब्बा आधा खाली है."

रामाजी चालायचा थांबला. "मुंगळ्यायनं खाल्ला असन."

"मुंगळे मिक्सर चालवतात का?"

 उन्नतीनं डब्यातली चमचाभर भुकटी एका गिलासात टाकली, पाणी ओतलं आणि गिलास ओट्यावर ठेवला. चौघंही पाहत उभी राहिली. पाणी आधी धुरकट झालं. मग जाड झालं. मग हललंच नाही. उन्नतीनं गिलास उचलला आणि उलटा केला.

काही पडलं नाही.

तिनं गिलास झटकला. ते तिथंच. झिलईदार, करडं, थरथरणारं.

"हे एक चमच," ती म्हणाली.

"किती लाडू खाल्ले, बाबा?" भूपेंद्रचा आवाज फाटला.

"मोजून खात असते का कोनी?"

"पाणी किती पिले वरून?"

"गुळावर पाणी पित असते का बे!" रामाजी सवयीनं ओरडला आणि कळ आल्यानं तिथंच वाकला.

आता खरी भीती सुरू झाली, कारण आता पाणी द्यायचं की नाही हेच कुणाला ठरवता येईना. दिलं तर ते आत फुगेल. फुगलं तर फाटेल. नाही दिलं तर सिमेंटसारखं बसेल. बेबीताई तांब्या पुढं करायची, भूपेंद्र मागं ओढायचा. थोड्या वेळानं भूपेंद्र पुढं करायचा आणि बेबीताई मागं ओढायची. रामाजीची जीभ टाळूला चिकटली होती. त्याची नजर तांब्याबरोबर इकडून तिकडं फिरत होती.

भूपेंद्रनं प्रशिक्षण देणाऱ्या सरांना फोन लावला. फायबर तयार झाला हे ऐकून सर खूश झाले. "प्योर नॅचरल है भाई, नुकसान का सवाल ही नहीं. जंगल में आधे पौधे छोड़े ना?"

"छोड़े सर. लेकिन पेट में गया है, निकलेगा कैसे?"

 सर म्हणाले, की तो विषय पुढच्या सत्रात आहे.

तोवर शेजारच्या सिंधुताईला सुगावा लागला होता. तिनं ओवा-सैंधव आणून दिलं आणि निघताना दोन घरी सांगितलं. मग रामाजीला गल्लीत चालवायला काढला, कारण चालल्यानं आतडं हलतं असं सिंधुताईचं म्हणणं. पुढं रामाजी, मागं भूपेंद्र. एकेक फाटक उघडायचं.

"झालं का, काका?"

"नाही झालं अजून," भूपेंद्र सांगायचा.

"हुआ क्या, अंकलजी?"

"अभी नहीं."

ज्या माणसानं कधी कुणाला आपला पगार सांगितला नाही, त्याच्या पोटाचा हिशोब आता पोरं सायकली थांबवून विचारत होती. रामाजी मान खाली घालून चालला. कोपऱ्यावर त्याला उलटी झाली. निघालं फक्त एरंडीचं तेल.

कुण्या पोरानं कळवलं म्हणून पद्मनाभपूरच्या वस्तीतून धोंडबा मोपेडवर आला. रामाजीचा गँगमधला जुना जोडीदार. धीर द्यायला आला होता. खाटेवर बसला, रामाजीच्या पोटावर बोटांनी टकटक केलं, कान लावला.

"काय बे रामाजी, याद हाय का, टारची, डांबराची पाइपलाईन जाम होत होती आपली?"

"हाय," रामाजी म्हणाला.

"भायेरून हातोडी मारून पायत होतो. असाच आवाज."

"मंग काय करत होते तुमी, भाऊजी?" बेबीताईनं आशेनं विचारलं.

"स्टीम मारत होतो. निघून जाये."

"अन् नाही निघाला त?"

धोंडबानं रामाजीकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि मग आपल्या चपलांकडं. "मंग लाईन कापा लागे," तो म्हणाला.

बेबीताई उठली. तिनं रामाजीच्या पायाला हात लावला. पाय गार होते. "ऑटो बोलाव, भूपेंद्र," ती म्हणाली. "आत्ता. तुह्या सरले लाव आग."

ऑटोवाला छत्तीसगढी पोरगा होता. "का होगे बबा ला?"

"पेट जाम है. संभालके चला," भूपेंद्र म्हणाला.

रामाजी मध्ये, बेबीताई एका बाजूला, उन्नती दुसऱ्या. भूपेंद्र पुढं अर्ध्या सीटवर. पहिल्या गतिरोधकावर रामाजी असा ओरडला की ऑटोवाल्यानं ब्रेक मारला. मग भूपेंद्रच्या डोक्यात आलं की धक्क्यानं आतलं सुटेलही. तो म्हणाला, धीरे नाही, जोरात घे. बेबीताई मागून म्हणाली, हळू घे, मरते माणूस. ऑटोवाला एक गतिरोधक जोरात घ्यायचा आणि एक हळू. सिविक सेंटरच्या वळणावर भाजीच्या हातगाडीला चाक घासलं. गाडीवाला शिव्या देत मागं धावला, आत डोकावला, रामाजीचा चेहरा पाहिला आणि न बोलता परत गेला. त्या माणसाचं गप्प होणं बेबीताईला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोट दाबलं, कान लावला, एक्स-रेचा फोटो काढायला लावला.

"क्या खाया था?"

भूपेंद्र पुढं झाला. घाबरला की तो पाठ केलेलं बोलत असे. "मॅडम, ये एक फंक्शनल फायबर है, जो हम जंगली पौधे से बिना केमिकल के, सस्टेनेबल तरीके से..."

"कितने पानी के साथ?"

भूपेंद्रनं आईकडं पाहिलं.

"बिना पाण्याचा," शेवटी बेबीताई म्हणाली. "लाडू केला मॅडम यायनं. गुळाचा."

"पानी क्यों नहीं पिया, बाबा?"

रामाजीनं डोळे उघडले. "गुड़ के ऊपर नहीं पीते," तो म्हणाला. अजूनही त्याला ते सरळच वाटत होतं.

डॉक्टरीण फोटो उजेडासमोर धरून खूप वेळ पाहत राहिली. मग भूपेंद्रला बाजूला घेऊन बोलली. पण वॉर्ड लहान होता आणि ऐकू सगळ्यांनाच गेलं. खाली गोळा बसला आहे, आतडं त्याच्यामागं फुगत चाललं आहे. खालून प्रयत्न करून पाहू. संध्याकाळपर्यंत नाही निघालं तर पेट खोलना पड़ेगा. वय आहे. धूळ खाल्लेली छाती आहे. भूल सहन होईल याची खात्री नाही.

"खोलना म्हंजे?" बेबीताईनं उन्नतीला विचारलं. तिला माहीत होतं. कुणी वेगळं सांगितलं तर पाहावं म्हणून विचारलं.

उन्नतीनं तिचा हात धरला.

सलाईन लागलं. तिथं पाणी सरळ शिरेतून जाऊ लागलं आणि रामाजी त्या थेंबांकडं तहानलेल्या डोळ्यांनी पाहत राहिला. मग पडदा ओढून नर्स आली. प्रेरणा तिचं नाव. हातमोजे चढवता चढवता तिनं चेहरा पाहिला आणि म्हणाली, "काका, तुमी कापगते काका ना जी? माहे बाबा तुमच्याच बॅटरीवर, त्याच भट्ट्यायवर होते. तुमी आमच्या घरी माह्या नामकरणाले आले होते."

रामाजीनं डोळे मिटून घेतले.

"कुशीवर व्हा. पाय पोटाशी घ्या. लाजू नका, मी रोजच करते."

पहिल्यांदा नुसतं पाणी परत आलं. तिनं बोटानं थोडं काढलं. चिवट, करडं, रबरासारखं. रामाजीनं उशीचा कोपरा दातांत धरला. पडद्याच्या बाहेर बेबीताई उभी होती. दर थोड्या वेळानं ती पडद्याखालून त्याचे पाय पाही. पायाची बोटं आवळली की जिवंत आहे एवढं कळे.

"भूपेंद्र," पडद्यामागून रामाजीचा आवाज आला.

"हो बाबा."

"रायपूरवाल्या मानसाले नको देऊ."

"नाही देत."

"अन् मी म्हनलो होतो ना कोळशाचं..."

"असू द्या, बाबा."

"कोळसा नव्हता खाल्ला मी. धूळ जात होती नाकातोंडात. खाल्ला कोनं असन कोळसा?"

भूपेंद्र पडद्याला हात लावून उभा राहिला. बापानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गोष्ट कमी करून सांगितली होती, आणि त्यानं तो जास्तच घाबरला.

दुसऱ्या वेळीही नुसतं पाणीच आलं. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आडवं झालं. डॉक्टरीण येऊन पोट दाबून गेली, भूपेंद्रकडं न पाहता नर्सला म्हणाली, ओटी तैयार रखने बोलो. बेबीताईनं ते ऐकलं. तिनं कानातली फुलं काढून उन्नतीच्या हातात दिली. का दिली ते तिचं तिलाही कळलं नाही. ऑपरेशन तिचं नव्हतंच.

तिसऱ्या वेळी प्रेरणा बराच वेळ पडद्याआड होती. मग पडदा सरकला. रामाजी खाटेवर उठून बसला होता. घाम टपकत होता, डोळे मोठे.

"मले जाऊ द्या," तो म्हणाला. "लवकर."

सलाईनची बाटली भूपेंद्रनं धरली, एक खांदा उन्नतीनं, एक बेबीताईनं. वॉर्डाच्या टोकाला संडास. रामाजीनं सगळ्यांना बाहेर ढकललं. भूपेंद्र बाटली धरून दाराच्या फटीतून नळी सोडत उभा राहिला. आतून कडी लागली.

आवाज नाही.

"बाबा?"

काही नाही. नळी एकदा ताणली गेली आणि ढिली पडली.

"का जी," बेबीताईनं दारावर हात ठेवला. "आवाज द्या ना. शिव्या द्या, पन आवाज द्या."

प्रेरणा आली. तिनं दार ठोकलं. बाजूच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. भूपेंद्रनं बाटली उन्नतीकडं दिली आणि दाराला खांदा लावला.

"झालं," आतून आलं.

इतकं हळू, की बेबीताईला पुन्हा विचारावं लागलं.

"झालं म्हनलो ना!" रामाजी ओरडला. भट्टीवरच्या आवाजात. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं.

बेबीताई होती तिथंच फरशीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. उन्नती एका हातानं बाटली वर धरून दुसऱ्यानं तिची पाठ चोळत होती. भूपेंद्र भिंतीला कपाळ टेकून उभा होता. प्रेरणा म्हणाली, "आता नाही उघडा लागत पोट, काकू," आणि डॉक्टरणीला सांगायला धावली. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या कुण्या म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या.

आत रामाजीनं फ्लश दाबला.

पाणी खाली गेलं नाही. वर आलं.